जुंपून पाहिलेली मोटार

तापी सातपिंपरीपाशी येते तेव्हा दमलेली असते. वर खडकांशी भांडून आलेलं पाणी इथे पसरतं, वाळूवर अंग टाकतं आणि मग सावकाश सुरतेकडे निघतं. त्या काठाच्या उंच दरडीवर गुजरांची घरं, घरांमागे केळीच्या बागा, बागांमागे कपाशी. शांतीबाई या गावात सून म्हणून आली तेव्हा चौदा वर्षांची होती. आली ती दमणीतून. दमणी म्हणजे बायकांची बैलगाडी, वर कमान आणि चारी बाजूंनी पडदे. पडद्याआडून तिने गाव पाहिलं नाही, फक्त ऐकलं. रहाट करकरत होता, कुणीतरी म्हशीला शिव्या देत होतं, आणि कुठूनतरी गुऱ्हाळाचा वास येत होता.

पुढे ती त्या घराची मोठी सून झाली. अंगाने रुंद, चालीने भरभर, आवाजाने गाजलेली. केळी तोडायला आलेल्या माणसांना ती ओट्यावरून हाक मारी ती बागेच्या पलीकडच्या बांधाला ऐकू जाई. गड्यांना, व्यापाऱ्यांना, गावातल्या कुत्र्यांनासुद्धा तो आवाज ठाऊक होता. समोरासमोर ऐकलेला नव्हता तो एकट्या सासऱ्याने. नरोत्तमबापूंसमोर ती कधी बोलली नाही. तो रिवाजच होता. सासरा ओट्यावर आला की सून पदर हनुवटीपर्यंत ओढून घेई. याला लाज काढणं म्हणत. काही सांगायचंच झालं तर नवऱ्याला किंवा एखाद्या पोराला मध्ये घालून सांगायचं. लेक लग्नाची झाली, लेकीचं लग्न झालं, तरी बापूंनी या सुनेचा चेहरा नीट पाहिलेला नव्हता. तिच्या हातची भाकरी मात्र ते डोळे मिटून ओळखत.

एवढ्या खमक्या बाईला एकच गोष्ट झेपत नसे. तिला गाडी लागे. बैलगाडी नव्हे. दमणीत ती दिवसभर बसे आणि उतरल्यावर लगेच चूल पेटवी. पण एसटीत पाय टाकला की तोंडाला पाणी सुटे, डोकं फिरे आणि पुढचं सगळं खिडकीबाहेर. लेकीची, रंजनाची, सोयरीक ठरवायला घरची मंडळी अक्कलकुव्याला एसटीने निघाली होती तेव्हा खिडकी गाठेपर्यंत तिला दम निघाला नाही. जे झालं ते मंडळींना घेऊन जायला आलेल्या होणाऱ्या व्याह्यांच्या पांढऱ्या धोतरावर झालं. व्याही भला माणूस. तो हसला, म्हणाला, "चला, सोयरीक पक्की व्हयनी." पण शांतीबाईने त्या दिवशी मनाशी गाठ मारली, पुन्हा मोटारीत बसायचं नाही.

गाठ मारणं सोपं होतं. लेक अक्कलकुव्याला नांदत होती, ते अवघड होतं. दमणीने जायचं तर वाटेत मुक्काम, नदीची उतरंड, परतीला तेवढीच वाट. शेताभाताच्या बाईला इतके दिवस घर सोडून कुठे जमतं? त्यातून पहिली दोन वर्षं तर रिवाजच आडवा होता, लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. मग गेल्या पावसाळ्यात रंजनाला मुलगा झाला आणि रिवाजाचं दार उघडलं. पण दारापर्यंत जायचं कसं? बाळंतपण सासरीच झालं होतं, नदीला पूर होता. नातवाचं तोंड आजीने पाहिलेलं नव्हतं. माघात अक्कलकुव्याचा एक व्यापारी केळी पाहायला आला, त्याच्या तोंडी रंजनाने निरोप धाडला, "आईले सांगजा, पोऱ्या रांगाले लागना. चालाले लागी तव्हय येशी का?"

शांतीबाईने व्यापाऱ्याला चहा दिला, वर गूळ दिला, आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसली. त्या तांदळात खडा नव्हता, तरी ती बराच वेळ निवडत होती.

त्याच दिवसांत घरात मोटारीचा विषय निघाला. महाराष्ट्र राज्य होऊन दोनएक वर्षं झाली होती. केळी रेल्वेने लांब जाऊ लागली होती, गुजरांच्या घरांत नवे पंप आले होते, आणि रतिलालला, म्हणजे शांतीबाईच्या नवऱ्याला, मोटारीचा ध्यास लागला होता. नंदुरबारचा एक जिनिंगवाला शेठ धंदा आवरून सुरतेला निघाला होता. त्याच्याकडे एक छोटी मोटार होती. चार दारांची, बुटकी, पारव्याच्या रंगाची, मागच्या बाजूला माशाच्या परांसारखी दोन टोकं उचललेली. रतिलालने ती जिनिंगच्या आवारात पाहिली आणि घरी येऊन जेवताना तिचंच वर्णन केलं.

बापू म्हणाले, "नाजूक दिसस. आपले जीप बरी. शेतमा जाई, नदीमा जाई, चार पोती बी टाकता येतीन."

"बापू, जीप उघडी ऱ्हास. आणि हाई मोटर देखा तं खरी, दार लावं तं आवाज बी येत नही."

"दारना आवाज आयकाले मोटर लेवानी का?"

तरी पोराचं मन मोडायचं बापूंच्या जिवावर आलं. त्यांनी मार्ग काढला तो बैलबाजारातला. आपल्याकडे बैल नुसता पाहून घेत नाहीत. घरी आणतात, नांगराला जुंपतात, गाडीला जुंपतात, दाणा कसा खातो, रस्त्यात बसतो का ते पाहतात, आणि पटला तर ठेवतात. बापूंनी शेठला तसाच निरोप धाडला. शेठ हसला खरा, पण तोही याच मातीतला. त्याने मोटार आठवडाभर वापरून पाहायला दिली.

बापूंनी अट घातली. "सगळा कामले चालाले पाहिजे. आणि घरन्या बायास्ले बसता उनं पाहिजे. माणसं सायकलवर बी जातीन. बायासना कामनी नही ती मोटर आपली नही. मंग जीप."

ही अट चुलीपाशी पोचली तेव्हा शांतीबाईच्या हातातला पळीचा दांडा थांबला. तिला कळलं, या मोटारीचा निकाल कुणाच्या पोटावर लागणार आहे. आणि मोटार राहिली तर अक्कलकुवा सकाळी निघून दुपारी गाठता येईल, हेही तिला त्याच क्षणी कळलं. जीप आली तर ती शेतात फिरेल, बाजाराला जाईल, पण घरची सून उघड्या जीपमध्ये बसून गावातून जाणार नाही.

मोटार आली. चालवायला भिकन होता. हा गावातलाच तरणा गडी, जिनिंगच्या ट्रकवर हात बसलेला, शांतीबाईला काकी म्हणणारा. बापूंनी मोटारीभोवती फेरी मारली. बैलाचे खूर पाहावेत तशी चाकं पाहिली, पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी टपावर मारली. "उनमा उभी कर. तापू दे. मंग चालू कर, देखूत दम कितला शे." मोटार उन्हात तापली आणि पहिल्या झटक्याला चालू झाली. बापूंनी मिशीवरून हात फिरवला.

मग तिला कामाला जुंपलं. मागच्या डिकीत सरकीची पोती मावली. मारुतीच्या पाराजवळ जिथे ट्रकला मागेपुढे करत घाम फुटे तिथे ही एका फेऱ्यात वळली. पेट्रोल कमी खाई, तेव्हा बापू म्हणाले, "थोडा चारावर चालनारं जनावर शे." शेतरस्त्यावर मात्र पंचाईत झाली. बैलगाड्यांनी वर्षानुवर्षं कोरलेल्या चाकोऱ्या रुंद, मोटार अरुंद. एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर, अशी ती पांगळ्या बदकासारखी कलती चाले आणि पोटाला गवत घासे. भिकनने दोनदा चाकोरी सोडून बांधाच्या कडेने नेली तेव्हा जमलं. बापूंनी तेवढा एक उणेपणा धरून ठेवला.

आता बायकांची पाळी. शांतीबाई आणि तिची धाकटी जाऊ सिंधुबाई यांनी दुपारभर बसून निळ्या कापडाचे पडदे शिवले. दोन्ही बाजूंच्या काचांना, मागच्या काचेला, आणि दमणीत असतो तसा एक आडवा पडदा, पुढची सीट आणि मागची सीट यांच्या मधोमध. पडदे लागले आणि मागची बाजू पेटीसारखी बंद झाली.

भिकन घाबरला. "काकी, मांगलं काच तरी उघडं ऱ्हाऊ द्या. आरसामा मी काय देखू? पडदा?"

सिंधुबाई म्हणाली, "तुले म्होरे जानं शे का मांगे?"

भिकनने आरसा उलटा फिरवून ठेवला.

शांतीबाई लगेच बसली नाही. तिने आधी दही बसवलं. त्या घरात बैलांची चाल पाहायची जुनी रीत होती. विरजण लावलेलं दूध लोट्यात घालून दमणीत ठेवायचं. रस्ता काटताना दही नीट लागलं तर बैल चांगले, पाणी सुटलं तर बैल धसमुसळे. शांतीबाईच्या मनात साधा हिशेब होता. जे दह्याला सोसतं ते पोटाला सोसेल. लोटा मागच्या सीटवर उशांमध्ये बसवून भिकन रनाळ्याला जाऊन आला. झाकण काढलं तर दही असं बसलेलं की वर बोट ठेवलं तर उमटावं. बंद पेटीतल्या उबेने ते एरवीपेक्षा लवकर लागलं होतं. सगळ्यांनी चमचा चमचा खाल्लं. बापूंनी वाटीभर खाल्लं.

दुसऱ्या सकाळी शांतीबाई देवापुढे हात जोडून मागच्या सीटवर बसली. पुढे भिकनशेजारी बापू, कारण मानाची जागा पुढची. दमणीतही वडीलधारा पुढे गाडीवानाजवळच बसतो. शांतीबाईशेजारी सिंधुबाई. पडदे ओढले, लाज काढली, मोटार निघाली.

गाव सुटेपर्यंत बरं होतं. मग अंधाऱ्या पेटीत रेक्झीनचा वास, पेट्रोलचा वास आणि पदराच्या आतला स्वतःचाच गरम श्वास एकत्र झाले. मोटार वळली तर का वळली ते दिसेना, उडाली तर कशावर उडाली ते कळेना. तोंडाला पाणी सुटलं. तिने सिंधुबाईचा दंड धरला. सिंधुबाई ओरडली, "भिकन, थांबाड रे, थांबाड!" पण तोवर उशीर झाला होता.

परत आल्यावर ओट्याखाली सगळ्या बायकांसमोर सिंधुबाई डोळे मिचकावत म्हणाली, "दही जमनं, पन आमनी मोठी दूधसारखी फाटनी!"

बायका हसल्या. शांतीबाईही हसली, कारण न हसणं जास्त लाजिरवाणं होतं. बापू ओट्यावर होते. त्यांनी रतिलालला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज कठोर नव्हता, उलट मऊच होता, आणि ते तिला जास्त लागलं. "ऱ्हाऊ दे भो. कोनले त्रास देईसन मोटर नको. सकाय परत करी ये. आपन जीप देखूत."

दुपारी सगळे पडलेले असताना शांतीबाई अंगणात उभ्या मोटारीच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मोटार उभी होती तर काहीच होत नव्हतं. तिने सीटवरून हात फिरवला. गाय न लाथाडता उभी राहावी तशी मोटार गुमान उभी होती. "तुन्ही काय चूक शे," ती म्हणाली, "मीच अशी." आणि तिला नातवाचे गुडघे डोळ्यांसमोर आले, न पाहिलेल्या ओसरीच्या न पाहिलेल्या फरशीवर रांगणारे.

पण ती हार मानून गप्प बसणारी नव्हती. संध्याकाळी तिने रतिलालला सांगितलं, "सकाय नंदुरबारले जाई ऱ्हायनात तं मी बी येस. वरीसनी मिरची माले निवडनी शे. दर साल मीच निवडस."

"मोटरमा?"

"मोटरमा. दमणी म्होरे धाडी द्या, येताना तिनामा येसू."

"आनि परत तसंच व्हयनं तं?"

"व्हयनं तं व्हयनं. शेवटली खेप शे. माले तिले पोचाडू द्या."

रतिलाल तिच्याकडे पाहत राहिला. मोटार ती पोचवणार होती जणू लेकच सासरी पोचवते आहे. त्याने गाडीवानाला निरोप धाडला. भल्या पहाटे धुडकू गाडीवान रिकामी दमणी घेऊन नंदुरबारच्या वाटेला लागला.

ऊन वर आल्यावर मोटार निघाली. पुढे भिकन आणि बापू, मागे पडद्याआड रतिलाल आणि शांतीबाई. तिने तोंडात आवळासुपारी धरली होती, मुठीत लिंबू. अर्ध्या वाटेत लिंबू चुरगळून चोथा झालं. ती डोळे मिटून नुसती मोजत होती, किती नाले गेले असतील. एकदा थांबावं लागलं. रतिलालने पाणी दिलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पुन्हा निघाले.

नंदुरबार जवळ आलं ते आधी नाकाला कळतं. फाल्गुनात शहराबाहेरच्या माळांवर मिरची वाळत घालतात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीन दिसत नाही, नुसता लाल रंग, क्षितिजापर्यंत अंथरलेला. त्यावर बायका तोंडाला फडकी बांधून मिरची खालीवर करत असतात. शांत हवेत तो रंग पाहून डोळे निवतात. पण त्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला होता आणि मिरची उलटण्याची वेळ तीच होती. बापूंनी गार हवा लागावी म्हणून आपली काच पूर्ण खाली केलेली. वाऱ्याची एक झुळूक लाल धूळ घेऊन आली आणि थेट त्यांच्या डोळ्यांत, नाकात, घशात शिरली.

बापू खोकू लागले ते थांबेनात. भिकनलाही ठसका लागला. त्याने मोटार कशीबशी कडेला घेतली. "डोया! मन्हा डोया!" बापू ओरडत होते. एवढा मोठा माणूस, गावाची भांडणं सोडवणारा, रस्त्याच्या कडेला उभा राहून उपरण्याने डोळे चोळत होता आणि चोळल्याने आग वाढत होती. जवळ मिरची उलटणारी एक बाई फडक्याआडून म्हणाली, "बाबा, चोयू नका! चोयशात तितलं लागी!"

मागच्या पेटीत मात्र धूळ शिरली नव्हती. पडदे घट्ट होते. रतिलालने बापूंना आधार देऊन मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या रुमालाने डोळे टिपू लागला. आडवा पडदा ओढून घेतला. आता मागे जागाच उरली नाही. शांतीबाई रस्त्यावर उभी होती, पदर नाकाला लावून. मोकळी जागा एकच, पुढची. बापूंची.

भिकन खोकत म्हणाला, "काकी, बठा ना पटकन! वारा परत येई ऱ्हायना!"

ती हलेना. सासऱ्याच्या जागेवर सून बसली असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

पडद्यामागून बापूंचा आवाज आला. "बठ म्हना तिले! माले काही दिसत नही! डोया उघडतच नहीत!"

ती बसली. दार लावलं. रतिलालने म्हटलं होतं तसा आवाज खरंच झाला नाही. भिकनने मिरचीच्या माळातून शहरात शिरायचं सोडून दिलं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला तळोद्याचा रस्ता जात होता, मोकळा, दोन्ही बाजूंना गव्हाची खुंटं. त्याने मोटार तिकडे वळवली आणि जोरात सोडली. काचा खाली. वारा आता स्वच्छ होता, त्याला फक्त काडाचा वास होता.

पहिला काही वेळ शांतीबाईला फक्त बापूंच्या खोकल्याची काळजी होती. पदर मागे पडला होता ते तिच्या ध्यानात आलं नाही. तिने समोर पाहिलं आणि पाहतच राहिली. आयुष्यभर तिने रस्ता मागे जाताना पाहिला होता, दमणीच्या मागच्या पडद्याच्या फटीतून, झालेली वाट, उडालेली धूळ. आज रस्ता समोरून येत होता. लांबून एक निंबाचं झाड लहान दिसे, मोठं होत होत अंगावर येई आणि बाजूने निघून जाई. वळण यायच्या आधीच दिसे. खड्डा यायच्या आधीच दिसे, आणि अंग आपोआप तयार होई. एक म्हैस रस्त्यात आली तेव्हा ती भिकनच्या आधी ओरडली, "म्हैस! हयू घे!"

भिकन दचकला. "देखी काकी, देखी!"

बरंच अंतर गेल्यावर तिला एकदम काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकतंय ते तिला कळेना. मग कळलं. तोंडाला पाणी सुटलं नव्हतं. पोट जागच्या जागी होतं. तिने पोटावर हात ठेवून पाहिला, जसा कुणी पाळण्यातलं मूल झोपलं का ते पाहतं.

"भिकन," ती हळूच म्हणाली.

"काय व्हयनं काकी? थांबाडू?"

"नको. थांबू नको. आखो म्होरे चाल. जोरबन चाल."

एका विहिरीपाशी ते थांबले. रतिलालने बापूंच्या डोळ्यांवर गार पाण्याचे हबके मारले. हळूहळू डोळे उघडले, लाल, पाणावलेले. त्यांना पहिली दिसली ती निंबाखाली उभी असलेली सून. तिने झटकन लाज काढली, पण त्या आधी एक निमिष गेलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बापूंनी तिचा चेहरा पाहिला, आणि तो हसत होता.

त्यांनी मान वळवली. उपरण्याने तोंड पुसलं. "आपन कथा उनूत?"

"तळोदाना रस्ताले," रतिलाल म्हणाला.

"इतला लांब? आनि हिले काही व्हयनं नही?"

आता शांतीबाईला बोलायचं होतं आणि बोलायचं नव्हतं. तिने भिकनला मध्ये घातलं. "भिकन, बापूजीस्ले सांग, म्होरे बसनं तं मयमय व्हत नही. वाट दिसस म्हनीसन."

बापू चार पावलांवर उभे. भिकनने घसा साफ करून जसंच्या तसं सांगितलं, "बापू, काकी म्हनस, म्होरे बसनं तं मयमय व्हत नही. वाट दिसस."

"आयकं मी. मी का बहिरा शे? मन्हा डोया गया, कान नही."

भिकन हसू दाबायला विहिरीत वाकून पाहू लागला. रतिलाल मात्र हसला नाही. त्याला कळत होतं की आता सगळं कुठे येऊन अडलं आहे. पुढची जागा बापूंची. ती सोडा म्हणणारा तो कोण? आणि बापू मागे बसले तर गाव काय म्हणेल? म्हातारा सुनेच्या पाठीमागे बसून जातो म्हणेल. शांतीबाई जमिनीकडे पाहत उभी होती. तिने काहीच मागितलं नाही. जे खरं होतं ते सांगून झालं होतं.

बापू विहिरीच्या काठावर बसले. तिथून त्यांनी समोरची मोटार न्याहाळली. पुढे एक सीट, मागे एक सीट, मध्ये निळा पडदा. मग त्यांनी विचारलं, "रतिलाल, हत्तीवर राजा कोठे बसस? म्होरे का मांगे?"

"मांगे, बापू. अंबारीमा."

"आनि म्होरे?"

"म्होरे माहूत."

"मंग?" बापू उठले. "मांगे धूय येत नही, पाय पसरता येतस, झोप बी लागस. म्होरे बठीसन मी का माहूत शे?" आणि मोटारीकडे जाताना, कुणाकडेही न पाहता, ते म्हणाले, "आनि लाज तोंडनी ऱ्हास. मी मांगे बठनू तं माले पाठ दिसस. पाठनी कसनी लाज? तिले सांग, पदर काढीसन बठत जाय. वाट दिसाले पाहिजे."

शांतीबाईने पदराच्या आत ओठ दातांखाली धरला. मग ती पुढच्या दाराकडे निघाली.

नंदुरबारला जाऊन बापूंनी शेठला सांगितलं, मोटार आमची. शेतरस्त्याच्या चाकोरीचा उणेपणा त्यांनी तिथेही काढलाच, घेणाऱ्याने काहीतरी उणं काढावंच लागतं. शांतीबाईने नेहमीच्या जागी मिरची निवडली, हातात मोडून, बी झटकून, वास घेऊन. पोती दमणीत चढली. धुडकू गाडीवान वाट पाहत बिडी ओढत बसला होता. त्याला माणसं घेऊन परत जावं लागेल असं वाटलं होतं. "मिरची दमणीमा, माणसं मोटरमा," बापूंनी हुकूम सोडला. "हयू हयू ये. बैलस्ले पानी पाजजो."

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एक दिवस पाहून, रतिलालला शेतावर ठेवून मंडळी अक्कलकुव्याला निघाली. तापीच्या पात्रात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या पेंढ्या पसरून वाळूवर वाट केलेली होती. तिथे सगळे उतरले. भिकनने मोटार हळूच सोडली आणि पलीकडे पऱ्हाटीच्या काड्यांनी तिच्या पोटाखाली जाळीच धरली. त्या काढायला बापू स्वतः वाकले. नदी ओलांडली, तळोदा गेलं. सातपुडा आधी धुरासारखा, मग निळा, मग झाडं मोजता येतील असा जवळ आला. मोहाची फुलं पडली होती. उन्हात त्यांचा गोड जड वास रस्त्यावर साचून राहिला होता. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या डोंगरातल्या बाया कडेला सरकून उभ्या राहत आणि पुढे बसलेल्या रुंद बाईकडे टक लावून पाहत. शांतीबाईही त्यांच्याकडे पाही. एकीने हात हलवला, तिनेही हलवला. मागे बापूंचं घोरणं इंजिनाच्या आवाजात मिसळून गेलं होतं. आडवा पडदा त्यांनी स्वतःच काढून टाकायला लावला होता, गार हवा येत नाही म्हणून.

अक्कलकुव्याच्या बाजारातून मोटार हळूहळू निघाली, पोरं मागे लागली, आणि जावयाच्या दुकानासमोर थांबली. आतून रंजना धावत आली, कडेवर मूल, एका हाताला पीठ. तिने पुढे पाहिलंच नाही. बायका मागेच बसतात. धावत जाऊन तिने मागचं दार उघडलं आणि आत वाकून म्हणाली, "आई!"

आत नरोत्तमबापू पाय पसरून झोपले होते. दचकून जागे झाले. समोर पीठ लागलेली नात आणि तिच्या कडेवर एक गोल तोंडाचं मूल, दोघंही तितक्याच आश्चर्याने त्यांच्याकडे पाहत होती.

"आई म्होरे शे वं," बापू डोळे चोळत म्हणाले. "म्होरे देख."